ऊसतोडीच्या तळावर जुनी कातडीची दुखणी कशी ओळखायची अन् औषध कसं पुरवायचं: नवीन एमओ (मेडिकल ऑफिसर), सीएचओ (उपकेंद्रातले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आणि आशाताईंसाठी

जानेवारीत तुम्हाला पाय दाखवून गेलेला माणूस एप्रिलमध्ये तुमच्या हद्दीतच नसतो. ऊस पट्ट्यात पहिल्यांदा पोस्टिंग मिळालेला बॉण्डवाला डॉक्टर असो की नवीन सीएचओ, मी सगळ्यांना आधी हेच सांगतो, कारण कॉलेजात आपण रोग शिकतो, औषध शिकतो, आणि इथं आल्यावर गाडी अडते ती कॅलेंडरवर. बुरशीने सुजलेल्या पायाला वर्षभर गोळ्या, कुष्ठाला सहा किंवा बारा महिने, कातडीच्या टीबीला सहा महिने, साधा नायटा म्हणावा तर त्यालाही हल्ली दीड-दोन महिने लागतात. आणि तुमचा पेशंट दिवाळीच्या मागंपुढं बीड, जालना, पाथर्डीकडून टोळीबरोबर येतो, कारखान्याचा हंगाम संपला की त्याच ट्रॅक्टरमध्ये बसून परत जातो. म्हणून यातलं निम्मं रोग ओळखण्याबद्दल आहे आणि निम्मं औषध त्याच्याबरोबर गावाला कसं जाईल याबद्दल.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. खाली डोस लिहिलेत ते एमओंसाठी, आणि तेही वजन, गरोदरपण, लिव्हर, किडनी बघूनच. सीएचओ आणि आशाताईंचं काम बघणं, विचारणं, लिहून ठेवणं, पाठवणं, आणि खरं सांगू का, या रोगांत तेच काम जास्त अवघड आहे.

आधी तळावर जायची वेळ

सकाळी अकराच्या ओपीडीत ऊसतोडवाला येणार नाही. तो पहाटे तीन-चारला फडात गेलेला असतो, पगार टनावर, आणि एक दिवस बुडाला की मुकादम (टोळीचा ठेकेदार) खाडा लावतो, म्हणजे उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) हिशोबात पैसे वजा. त्यामुळं पायाला दोन वर्षांपासून भोक पडलंय पण माणूस दवाखान्यात आला नाही याला अडाणीपणा म्हणू नका, त्याचं गणित बरोबर आहे. तुम्ही संध्याकाळी कोप्यांवर (तळावरच्या झोपड्यांवर) जा, चुली पेटलेल्या असतात, बायका स्वयंपाकाला लागलेल्या, पुरुष गाडी भरून आलेले किंवा अजून यायचे असतात. आधी मुकादमाला भेटा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी बोलणार नाही. बायकांना तपासायला बरोबर ताई किंवा सिस्टर हवीच, कारण नायटा असतो जांघेत, कमरेला परकराच्या नाडीखाली, छातीच्या खाली, आणि ते पुरुष डॉक्टरला कोणी दाखवत नाही, फक्त "खाज येतीय, ट्यूब द्या" एवढंच म्हणतात.

पिशवीत जास्त काही लागत नाही. चांगली टॉर्च (कोपीत अंधार असतो आणि मोबाईलच्या लाईटने फिकट चट्टा दिसत नाही), भिंग, कापूस, एक बॉलपेन, गॉझ, सलाईनची बाटली, काचेच्या स्लाइड, बोथट ब्लेड, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १० टक्के, छोट्या निर्जंतुक डब्या आणि वही. फोटो काढायचा तर विचारून काढा, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे पुढच्या वेळी वाढलंय की कमी झालंय ते कळतं.

बसून विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न नेहमी: किती दिवस झाले? नुसतं "लई दिस झालं" वर सोडू नका. "मामा, मागच्या दिवाळीत होतं का? पोरीच्या लग्नात होतं का?" असं विचारा, लगेच बरोबर सांगतात. दीड महिन्यापेक्षा जुनी कुठलीही जखम, गाठ किंवा चट्टा हा आपला विषय.

दुसरा: खाजतं का, दुखतं का, की काहीच नाही? या एका प्रश्नावर माझी निम्मी विभागणी होते. नवीन माणूस दुखणाऱ्या पायाकडे धावतो, आणि तिथं धावायलाच पाहिजे, पण जुन्या रोगांत जो पाय काहीच बोलत नाही तोच जास्त घाण निघतो.

तिसरा: काटा मोडला होता का? बाभळीचा काटा, उसाचं खोडवं, पाचटातली काडी. बहुतेकांना आठवत नाही, आठवलं तर लिहून ठेवा, नाही आठवलं तर त्यावरून काही नाकारू नका.

चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा: आत्तापर्यंत काय काय लावलं? हे विचारताना चेहऱ्यावर रागावल्याचा भाव आला की संपलं, कोणी खरं सांगत नाही. हळद, चुना, रुईचा चीक, गाडीचं जुनं ऑइल हे सगळं निघतं, आणि बिब्बा. बिब्ब्याने भाजलेली कातडी काळी पडून सोलते आणि मूळ रोग कुठला होता तेच कळेनासं होतं, अशा वेळी आठवडाभर नुसतं सलाईनचं ड्रेसिंग करून मग परत बघा. आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब, तिचा खोका किंवा रिकामी ट्यूब आणायलाच लावा, नाव त्यांना सांगता येत नाही पण ट्यूब उशाशी असते.

मग शुगर आहे का, घरात किंवा कोपीत अजून कुणाला आहे का, आणि मूळ गाव कुठलं. गाव का, तर गडचिरोली-चंद्रपूरकडचा माणूस असेल तर कुष्ठ आणि हत्तीपाय डोक्यात आधी आला पाहिजे, राजस्थानात बिकानेरकडून आलेला असेल आणि तोंडावर-हातावर न दुखणारं खपलीचं फोड असेल तर वाळूमाशीमुळं होणारा लेशमॅनिया, जो महाराष्ट्रात आपण एरवी बघतच नाही.

खाजणारं: नायटा, खरूज

तळावर दहा जण खाज घेऊन आले तर बहुतेकांचं या दोनातलंच काहीतरी निघतं, आणि दोन्हीचा घोळ ट्यूबने केलेला असतो.

नायटा, गजकर्ण, काही जण दाद म्हणतात, गोल चट्टा, कडेला लाल उठाव आणि मध्ये साफ, हे पुस्तकातलं चित्र आता क्वचित दिसतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तीन-चार औषधं एकत्र असलेल्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, बुरशी त्याच्याहून खूश, कारण स्टेरॉइडने कातडीची लढायची ताकदच कमी केलेली असते. मग चट्टे पसरतात, गोलात गोल तयार होतात, कडा पुसट होते, जांघेत पांढऱ्या रेघा पडतात ज्या परत कधी जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडवाली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती कशी मिळतात ते तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळेल.

त्यात भर म्हणजे बुरशीच बदललीय. भारतात आता जी पसरलीय तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, आणि तिच्यातल्या बऱ्याच जाती टर्बिनाफिनला दाद देत नाहीत (दादच ती, दाद कशी देईल). म्हणून दोन आठवडे टर्बिनाफिन देऊन पाठवायचे दिवस गेले.

काय करायचं: कडेचा कोंडा खरवडून स्लाइडवर घ्या, केओएचचा थेंब टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली करून बघा, फांद्यांसारखे धागे दिसले की नक्की. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात तर बुरशीचं जंगल दिसतं. थोडकाच असेल तर नुसतं मलम, क्लोट्रिमॅझोल दोनदा किंवा ल्युलिकोनॅझोल एकदा, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्तीचं लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. अंगभर असेल तर इट्राकोनॅझोल रोज २०० मिलिग्रॅम, साधारण चार ते आठ आठवडे. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आणि गॅसच्या गोळीबरोबर नाही, कारण पोटात ॲसिड नसेल तर ती अंगात शिरतच नाही. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीने गॅसची गोळी लिहितात, तेवढी एक खोडून टाकली तरी काही पेशंट बरे होतील. हार्ट फेल्युअर, लिव्हरचा त्रास, गरोदर बाई, यांना ही कॅप्सूल नको.

आणि करदोटा. कमरेला वर्षानुवर्षं तोच काळा करदोटा असतो, घामाने ओला, त्याच्याखाली नायट्याचा पट्टा. सरळ "कापा" म्हणालात तर भांडण होईल. मी म्हणतो, मामा, हा जुना झालाय, काढून ठेवा, बरं झालं की नवा बांधू. ऐकतात. कपडे वेगळे धुवून उलटे करून उन्हात वाळत घाला हे सांगायला सोपं आहे, पण तळावर पाणी टँकरचं असतं, म्हणून निदान आतले कपडे आणि टॉवेल एवढ्यावर जोर द्या. ट्यूब बंद केल्यावर पहिला आठवडा खाज उलट वाढते, हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी माणूस परत मेडिकलमध्ये उभा.

खरूज ओळखायला सोपी: रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, पुरुषांच्या लिंगावर बारीक पुटकुळ्या, आणि घरात सगळ्यांना. परमेथ्रिन ५ टक्के मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली सुद्धा, रात्री लावून सकाळी आंघोळ, आठवड्याने परत एकदा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते, चमचाभर लावून होत नाही. एकट्याला देऊन उपयोग शून्य, अख्ख्या कोपीने, जमलं तर अख्ख्या टोळीने एकाच रात्री लावायचं. आयव्हरमेक्टिन वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पण १५ किलोच्या आतल्या पोरांना आणि गरोदर बायांना नाही. गोधड्या गरम पाण्यात घालणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पोत्यात तीन-चार दिवस तोंड बांधून ठेवा. खरजेत पू झालेल्या पोराचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं, लघवी चहासारखी लाल-काळी झाली तर किडनीवर आलंय, त्याच दिवशी पाठवा.

ना खाजतं ना दुखतं: इथं थांबा

माझ्या पहिल्या हंगामात एक बाई यायची, तळपायावर गाठी, एक-दोन भोकं, थोडा पू. मी चार महिने अँटिबायोटिक बदलत राहिलो, एकदा चिरा पण दिला. ती म्हणायची, "डॉक्टर, दुखत न्हाई वो, पण जात बी न्हाई." तिने निदान सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तो मायसिटोमा होता.

तीन गोष्टी एकत्र दिसल्या की हाच समजा: न दुखणारी घट्ट सूज, तिच्यावर पू येणारी एकापेक्षा जास्त भोकं, आणि त्या पुवात बारीक दाणे, रव्याच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान. बहुतेक वेळा पाय, कधी हात, डोक्यावर किंवा पाठीवर मोळी वाहणाऱ्यांत तिथं पण. काट्याबरोबर मातीतली बुरशी किंवा बॅक्टेरिया आत जातात आणि वर्षानुवर्षं हळूहळू हाडापर्यंत पोखरतात. भारतात हा काही नवा रोग नाही, १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातून याची नोंद झाली म्हणून मदुरा फूट, आणि मायसिटोमा हे नाव दिलं ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या व्हँडाइक कार्टरने १८६० च्या सुमारास, जो पुढं आपल्या साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. एवढा जुना आपल्या भागाशी जोडलेला रोग, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत तो आला २०१६ मध्ये. दुर्लक्षित शब्द अगदी बरोबर आहे.

दाणे शोधणं हेच मुख्य काम. भोकावर सलाईनने ओला केलेला गॉझ रात्रभर बांधून ठेवा, सकाळी तो उलगडून टॉर्च आणि भिंगाने बघा. काळे दाणे म्हणजे बुरशी. लाल म्हणजे बॅक्टेरिया. पांढरे-पिवळे असतील तर बहुधा बॅक्टेरिया पण बुरशीसुद्धा असू शकते, त्यामुळं लॅबशिवाय ठरवू नका. हा फरक म्हणजे नुसता पुस्तकी किस नाही, दोन्हीचं औषध पूर्ण वेगळं आहे, एकाचं दुसऱ्याला दिलं तर वर्ष वाया.

बॅक्टेरियाचा असेल तर बातमी चांगली आहे, औषधाने बहुतेकांचा पाय वाचतो. ॲमिकॅसिन किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम, २१ दिवस, आणि बरोबर कोट्रायमॉक्सॅझोल ३५ दिवस, असं एक चक्र, मग तपासून लागेल तशी पुढची चक्रं. यात किडनी आणि कान दोन्ही जपायचे, क्रिएटिनिन आणि कानाची तपासणी आधी आणि मध्ये. सल्फाची ॲलर्जी विचारायला विसरू नका. हे सुरू करायचा निर्णय मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयातच होतो, पण रोजची इंजेक्शनं कुणी द्यायची? तिथं तुम्ही लागता. २१ दिवस शहरात राहणं पेशंटला परवडत नाही, सब-सेंटरला संध्याकाळी सातला इंजेक्शन परवडतं.

बुरशीचा असेल तर इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने ते वर्ष किंवा जास्त, आणि मध्ये ऑपरेशन. औषध सुरू न करता कुणी "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणालं तर हात जोडून थांबवा. आत राहिलेलं परत उगवतं आणि दुसऱ्या वेळी तळव्यापर्यंत गेलेलं असतं, तिसऱ्या वेळी पायच काढावा लागतो. एक्सरे मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा, हाडात भोकं आहेत का ते कळतं.

दुसरा न बोलणारा प्रकार म्हणजे खडबडीत, कोबी-फ्लॉवरसारखा वाढलेला चामखिळीचा पट्टा, पायावर किंवा नडगीवर, वर्षानुवर्षं हळू सरकणारा. यात तीन शक्यता भांडतात आणि डोळ्याने निकाल लागत नाही. एक क्रोमोब्लास्टोमायकोसिस, कोकण-मलबार किनाऱ्याकडं आणि हिमालयाच्या पायथ्याला जास्त दिसणारी बुरशी. भिंगातून वर काळे ठिपके दिसतात, तेच ठिपके खरवडून केओएचमध्ये टाकले की तांब्याच्या नाण्यांसारखे गोल तपकिरी दाणे दिसतात, आणि ते दिसले की निदान तुमच्या टेबलावरच झालं. दोन, कातडीचा चामखिळीसारखा टीबी, त्याला टीबीचंच सरकारी औषध सहा महिने, फुकट. तीन, कॅन्सर: कडा टणक आणि उलटलेली, हात लावला की रक्त, जुन्या भाजलेल्या किंवा कधीच न भरलेल्या जखमेवर उगवलेला. म्हणून इथं तुकडा काढल्याशिवाय एकही गोळी नको.

काट्याच्या जागी एक गाठ आणि मग तिथून वर हातावर एका रेषेत मण्यांसारख्या गाठी, हे स्पोरोट्रायकोसिस, आपल्याकडं कमी, हिमाचलकडं जास्त. इट्राकोनॅझोलने तीन ते सहा महिन्यांत छान बरं होतं.

कुष्ठ मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण नवीन लोक ते कागदावर पहिलं लिहितात आणि तपासताना विसरतात. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, घाम नाही, केस कमी. माणसाला डोळे मिटायला सांगा, कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनने हलकं टेकवा आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगा. "लागतंय का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूची आणि गुडघ्याखाली बाहेरची नस दोन्हीकडं चाचपा, जाड किंवा दुखरी आहे का. चट्टा नसताना नुसता तळव्याला बधिरपणा आणि न दुखणारा खड्डा पडलेला असेल तरी विचार करा, अर्थात तिथं शुगर पण बघा. पाच चट्ट्यांपर्यंत साधारण सहा महिने, जास्त असतील किंवा स्मिअर (कातडीच्या चिरेतून घेतलेली स्लाइड) पॉझिटिव्ह असेल तर बारा महिने एमडीटी (कुष्ठाची एकत्र औषधं), पीएचसीत फुकट. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल हे आधीच सांगा, नाहीतर बाई महिन्याभरात पाकीट परत आणून देते. आणि महारोग हा शब्द तळावर मोठ्याने उच्चारू नका, टोळी त्या कोयत्याला (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला) दुसऱ्या दिवशी बाहेर काढेल. औषध सुरू झालं की लागण पसरणं थांबतं, हे मुकादमाला सांगायचं की नाही ते पेशंटला विचारून ठरवा.

तुकडा पाठवताना होणारी एकच चूक

दोन डब्या. एक फॉर्मालिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी साध्या सलाईनची, कल्चरसाठी. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की बुरशी मेली, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट येतो "नो ग्रोथ", आणि आपण समजतो रोग नाही. तुकडा वरवर नाही, खोल आणि कडेचा घ्या. चिठ्ठीवर "नॉन-हीलिंग अल्सर" एवढंच न लिहिता "मायसिटोमाचा संशय, काळे दाणे दिसले" किंवा "टीबी की बुरशी" असं लिहा, लॅबवाला त्याप्रमाणे वेगळे स्टेन लावतो.

भातलावणीवाल्यांचं थोडं

कोकणात किंवा मावळात बदली झाली तर जून-जुलैत चित्र वेगळं असतं, तिथं चिखल्या. बोटांच्या बेचक्यात पांढरी, फुगलेली, वास येणारी कातडी. रात्री पाय साबणाने धुवून बेचके कोरडे पुसणं आणि क्लोट्रिमॅझोल, एवढ्यात बरेच जण सुटतात. फार ओलं असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं (गुलाबी, जांभळं नाही, जांभळ्याने भाजतं). भेगांना कोकमतेल लावतात ते लावू द्या, पण बेचक्यात नको. या फटींतूनच लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) आत शिरतो, म्हणून चिखल्या असलेल्या लावणीवाल्याला ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका. हत्तीपायवाल्यांना पुन्हा पुन्हा ताप येऊन पाय लाल होतो त्याचं दार पण बहुतेक हेच बेचके.

औषध गावाला पाठवायचं

निदान झालं त्या दिवशीच विचारा: पट्टा कधी पडणार (कारखान्याचा हंगाम कधी संपणार), परत कधी जाणार, इथनं थेट गाव की दुसरीकडं? मग मागून मोजत या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नायट्याला आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला तर तो इथंच संपतो, ठीक. मायसिटोमाचं निदान मार्चमध्ये झालं तर तपासण्या इथं उरकून औषध गावच्या जवळच्या सरकारी हॉस्पिटलातून सुरू केलेलं बरं, अर्धं इथं अर्धं तिथं करण्यापेक्षा.

जाताना हातात एकच कागद द्या, प्लास्टिकच्या पिशवीत: रोगाचं नाव मराठीत, औषध, डोस, सुरू केल्याची तारीख, कधीपर्यंत, बायोप्सीचा नंबर, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, तुमचा फोन. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोघांच्या मोबाईलमध्ये, कारण कागद पाचटाबरोबर पेटतो. कुष्ठ आणि टीबीची नोंद रीतसर ट्रान्सफर करा, ते प्रोग्रॅममध्ये आहेच, फक्त करावं लागतं. बुरशीच्या रोगांना असा प्रोग्रॅम नाही, तिथं गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून तुम्ही स्वतः फोन करायचा. इट्राकोनॅझोल महिनाभराचं बरोबर द्या, पुढचं जनऔषधीत स्वस्त पडतं, ऑपरेशनचा खर्च जन आरोग्य योजनेत बसतो का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवा. आणि एक तिढा लक्षात ठेवा, रिफॅम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोल रक्तात टिकत नाही, म्हणजे कुष्ठ किंवा टीबीच्या पेशंटचा नायटा फक्त मलमावर सांभाळायचा.

याला थांबू नका, त्याच दिवशी गाडी बघा

ताप आणि वेगाने पसरणारा लालपणा. जखमेजवळ कातडी काळी पडतेय किंवा दाबल्यावर करकर आवाज येतो. जखम छोटी आणि दुखणं प्रचंड. कुष्ठाच्या पेशंटला अचानक हात किंवा पाय लुळा, डोळा मिटेना. शुगरवाल्याच्या पायाला घाण वास. गोळ्यांवर असलेल्याचे डोळे पिवळे.

बाकी सगळ्याला वेळ आहे, आणि तो वेळ वहीत लिहायचा. माझ्या वहीत शेवटचा कॉलम "जून" असा आहे. तिथं फोन केल्याची तारीख आणि एक शब्द: चालू, बंद, लागला नाही. त्या पहिल्या हंगामातल्या बाईंचा त्या वर्षीचा कॉलम रिकामाच आहे, तेव्हा मी नंबरच घेतला नव्हता. पुढच्या नोव्हेंबरात त्या दुसऱ्या टोळीबरोबर परत आल्या म्हणून भेटल्या, भोकं दोनाची पाच झालेली, आणि गॉझवर सकाळी काळे दाणे.